पानावरचे थांबे

तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावं आहेत. एक तिरुनेलवेलीकडचं, ताम्रपर्णीच्या काठचं. कमल हासनच्या चित्रपटामुळे बाहेरच्यांना तेच अधिक ठाऊक. दुसरं तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर–कुंभकोणम रस्त्यावरचं, कुंभकोणमपासून पंधराएक किलोमीटरवर. कावेरीच्या फाट्यांवर पोसलेला हा मुलूख; भात, केळी, नारळ आणि विड्याच्या पानांचा. १०८ शिवलिंगांच्या देवळासाठी लोक इथे येतात. मी मात्र इथल्या केळीच्या पानाबद्दल लिहिणार आहे, कारण सावकाश आणि लक्ष देऊन जेवणं म्हणजे काय, हे त्या पानावर जितकं नीट कळतं तितकं कुठल्या उपदेशाने कळत नाही.

‘सावकाश जेव’ हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. एक घास बत्तीस वेळा चावावा, हेही. तरी बहुतेक घरांत रोजचं जेवण दहा मिनिटांत आटपतं. मग आपण स्वतःलाच दोष देतो, की मनावर ताबा नाही. मला हे पटत नाही. जेवणाचा वेग तोंडापेक्षा वाढण्यात जास्त ठरतो. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं सगळं एकदम ताटात आलं, की हाताला थांबायला कारणच उरत नाही. ताट रिकामं होईपर्यंत तो चालत राहतो. वाढण्याची पद्धत बदला, वेग बराचसा आपोआप उतरेल.

पापनाशमला दुपारच्या वेळी एखाद्या साध्या मेसमध्ये बसलात, तर समोर पान येतं. निमुळतं टोक डाव्या हाताला. त्यावर पाणी शिंपडून ते हाताने निपटून काढायचं. मग वाढपी पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एकेक जिन्नस ठेवत जातो. मीठ, लोणचं, काकडी-डाळीची कोसुमल्ली, खोबरं घातलेली पोरियल म्हणजे सुकी भाजी, डाळ-भाजीचं घट्टसर कूट्टु, अप्पळम म्हणजे पापड. खालचा अर्धा भाग मोकळा राहतो. तो भातासाठी. भूक लागलेली असते, पदार्थ समोर असतात, पण भात यायचा असतो. ही दोन-तीन मिनिटं फार मोलाची. वास नाकात शिरतो, तोंडाला पाणी सुटतं, माणूस पानाकडे नीट बघतो. पचनाची तयारी शरीर इथूनच सुरू करतं. घरी आपण ही मिनिटं गमावतो, कारण बसता बसताच पहिला घास तोंडात गेलेला असतो.

मग वाफाळता भात, त्यावर परुप्पु म्हणजे घट्ट साधं वरण, आणि तूप. बोटं घातली की चटका बसतो. चमच्याने गरम घास उचलून, फुंकर मारून गिळून टाकता येतो. बोटांना ती मुभा नाही. जे बोटांना सोसत नाही ते जिभेपर्यंत जातच नाही. वरणभात संपला की वाढपी यायची वाट बघायची. पुन्हा भात, या खेपेला सांबार. पुन्हा थांबायचं. मग रसम.

रसमभात पानावर खाणं हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. भाताच्या ढिगात मधोमध आळं करायचं, त्यात रसम घ्यायचं, आणि ते कडेकडे धावायच्या आत बोटांनी भात कालवून त्याला बांध घालायचा. पानाला काठ नसतो. पातळ रसम मधल्या शिरेच्या कडेने वाट काढत निघतं, बोटं त्याला परत भातात वळवतात, भात ते पिऊन मऊ होतो, आणि मग कुठे घास होतो. या सगळ्यात डोळे पानावरच ठेवावे लागतात. एका हातात फोन धरून हे जमत नाही. मिरी आधी लागते, मग जिरं, मग चिंच घशाशी रेंगाळते. लक्ष देऊन जेवा असं कोणी सांगायची गरजच उरत नाही, कारण पदार्थच लक्ष मागून घेतो.

शेवटी ताक किंवा दही घातलेला भात, लोणच्याच्या फोडीबरोबर. घरोघरी आणि लग्नकार्यांत हा क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पायसम कधी मधेच येतं, पण टप्प्याटप्प्याने वाढायची रीत कायम असते.

आपल्याला हे परकं नाही. वरणभाताची मूद, त्यावर तूप, मग पोळ्या किंवा पुऱ्या, मधे मसालेभात, शेवटी ताकभात ही आपली पंगत त्याच घडणीची. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या, ही मांडणीही बसणाऱ्याला क्षणभर पान बघायला लावते. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं होतं. या काळात दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी एकमेकांचं बरंच उचललं. उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर तिकडे ‘डांगर पच्चडी’ म्हणून आजही होतं. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेले रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ धान्यं, भाज्या, फळं, दूधदुभतं यांचे गुणदोष बारकाईने सांगतो. काय खावं आणि कसं खावं यावर ग्रंथ रचावा, इतकं ते लक्ष देण्याजोगं मानलं जात होतं. आपण ती पंगत लग्नामुंजीपुरती ठेवली आणि रोजच्या ताटातून काढून टाकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या थांब्यांचा शरीराला उपयोग काय, ते थोडक्यात सांगतो. पोट ताणलं जातंय ही खबर मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जात असते, पण तृप्तीची भावना पक्की व्हायला आतड्यातून सुटणारी संप्रेरकंही लागतात. सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय ही त्यांची नावं. अन्न आतड्यात उतरल्यावर ती वाढतात, म्हणून पोट भरल्याचं नीट कळायला साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. दहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस ‘पुरे’ हा निरोप येण्याआधीच जास्तीची पोळी खाऊन बसलेला असतो. अथेन्समधल्या संशोधकांनी २०१० साली १७ पुरुषांना एकाच मापाचं आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिलं. अर्ध्या तासाच्या खेपेला पीवायवाय आणि जीएलपी-१ जास्त वाढले. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात २००८ साली ३० स्त्रियांना पास्ता हवा तितका खायला सांगितला. भराभर खाताना त्या नऊएक मिनिटांत सुमारे ६४६ कॅलरी खाऊन गेल्या. लहान घास, मधे चमचा खाली ठेवणं, नीट चावणं असं केल्यावर एकोणतीस मिनिटांत सुमारे ५७९. शिवाय कमी खाऊनही समाधान जास्त वाटल्याचं त्यांनी सांगितलं.

फरक ६७ कॅलरींचा, म्हणजे जेमतेम एका फुलक्याइतका. म्हणून सावकाश जेवून महिन्याभरात वजन झरझर उतरेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २००८ सालीच ओसाकातल्या संशोधकांनी ३,२८७ जपानी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली होती. भराभर खाणारे आणि पोट गच्च भरेपर्यंत खाणारे यांच्यात वजन जास्त असण्याचं प्रमाण बरंच अधिक आढळलं, आणि दोन्ही सवयी असलेल्यांत सर्वांत जास्त. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे. सावकाश जेवण्याचा खरा लाभ मात्र वजनकाट्यावर मोजण्यासारखा नाही. जेवणानंतरचा जडपणा कमी होतो, आंबट ढेकर आणि गॅस यांची तक्रार अनेकांची घटते, कारण घाईच्या घासाबरोबर हवाही गिळली जाते. आणि मुख्य म्हणजे जेवल्यासारखं वाटतं.

आता घरी काय करायचं. केळीचं पान रोज मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. लागतात ते थांबे. रात्रीचं जेवण हे सुरुवातीला बरं, कारण त्या वेळी कुठे पळायचं नसतं. ताटात सगळं एकदम वाढू नका, तीन खेपा करा. पहिल्या खेपेला कोशिंबीर, भाजी आणि अर्धी पोळी किंवा चतकोर भाकरी. दुसऱ्या खेपेला उसळ किंवा आमटी, तिच्याबरोबर उरलेली पोळी-भाकरी. तिसऱ्या खेपेला भात. वरणाबरोबर असो की ताकाबरोबर. दोन खेपांमध्ये ताट खरोखर रिकामं होऊ द्या. मधला थांबा घड्याळ लावून पाळायचा नाही. दोन घोट पाणी, एखादं बोलणं, इतकाच. तेवढ्यात स्वतःला विचारा, भूक किती उरली? पहिल्या दोन-चार दिवसांत या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण हा प्रश्न आपण पोटाला कधी विचारलेलाच नसतो. पुढे ते येऊ लागतं. तिसरी खेप आज नको, असंही कधी कळतं.

भाजी आधी आणि भात शेवटी, याचा आणखी एक फायदा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली मधुमेहाच्या काही रुग्णांवर केलेल्या एका लहानशा अभ्यासात, भाज्या आणि चिकन आधी व पाव-रस नंतर दिल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. अभ्यास अगदी थोड्या माणसांचा होता, तरी पुढच्याही काही अभ्यासांतून हाच कल दिसला आहे. तंजावरच्या पानावर भात आणि भाजी बरोबरच खातात, त्यामुळे हा गुण त्या पद्धतीच्या नावावर मी घालणार नाही. उलट भाताच्या तीन-चार खेपा म्हणजे भात भरपूर होतो, आणि ज्यांना साखर आहे त्यांनी ती गोष्ट तिकडून आणू नये. थांबे आणावेत, भाताचं माप आणू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आढळलं. तेव्हा हे सांगणं भाग आहे.

थांब्यांच्या जोडीला नियम एकच पुरे. तोंडातला घास उतरल्याशिवाय पुढचा घास करायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण एका जेवणात नुसतं आपल्या हाताकडे बघा. तोंडात घास असतानाच बोटं पोळीचा तुकडा मोडतात, भाजी त्यात धरतात आणि ताटावर तयार होऊन थांबतात. मग तोंडातला घास अर्धवट चावून खाली ढकलला जातो, कारण दारात दुसरा उभा असतो. हात ताटाच्या कडेला टेकवून ठेवला की जबडा आपलं काम पुरं करतो. चमच्याने जेवणाऱ्यांनी चमचा खाली ठेवावा. भात असेल तर एकदम सगळा कालवू नका. दोन-तीन घासांपुरता कालवा, तो संपला की पुढचा. कालवलेला ढीग समोर असला की तो संपवायची ओढ लागते.

चावण्याचे आकडे मोजायच्या भानगडीत मात्र पडू नका. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी शंभरएक वर्षांपूर्वी याचं मोठं प्रस्थ माजवलं होतं. घास तोंडात पातळ होऊन आपोआप उतरेपर्यंत चावायचा, असा त्यांचा आग्रह. लोकांनी जेवणाच्या टेबलाशी बसून मोजायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत ते खूळ ओसरलं. मोजताना लक्ष आकड्यावर राहतं, चवीवर नाही. मऊ भाताला आणि ज्वारीच्या भाकरीला एकच आकडा कसा लागू पडेल? चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम सांगितले आहेत, त्यात फार भराभर जेवू नये याबरोबरच फार रेंगाळतही जेवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. रेंगाळलं की अन्न निवतं, तृप्ती होत नाही आणि जास्त खाल्लं जातं, हे त्यामागचं कारण. गरम अन्न, जेवणात मन आणि मधला वेग, हा सल्ला मला आजही सर्वांत शहाणा वाटतो. तासभर ताटाशी बसणं कोणालाच नको आहे; पंचवीस मिनिटं मिळाली तरी खूप झालं.

चरक जेवताना बोलू नये, हसू नये असंही सांगतात. इथे मी थोडा वेगळा विचार करतो. अनेक घरांत सगळे एकत्र येतात ते रात्रीच्या जेवणालाच. ते बोलणंही बंद केलं तर एकमेकांशी बोलायचं कधी? म्हणून पहिले चार-पाच घास गप्प राहून खावेत आणि बोलणं थांब्यांवर ठेवावं. घास तोंडात असताना बोलायचं नाही, एवढं पाळलं की पुरतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्या बाबतीत तर ठसका लागू नये म्हणूनही ते महत्त्वाचं. पहिल्या घासांच्या वेळी चवीकडे जा. आमटीत गूळ आधी लागतो की चिंच? भाजीला खोबरं आहे की दाण्याचं कूट? फोडणीत आज हिंग कमी पडला का? मुलांना हे प्रश्न विचारले तर ती आनंदाने शोध घेतात, आणि न आवडणाऱ्या भाजीत त्यांना एखादी आवडती गोष्ट सापडते. ‘नीट जेव, सांडू नकोस’ यापेक्षा हे फार बरं.

पडद्याचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. टीव्ही किंवा मोबाइल बघत जेवलं की त्याच वेळी थोडं जास्त खाल्लं जातं, पण खरा तोटा नंतर होतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझॅन हिग्ज यांच्या प्रयोगांत, दुपारी काय जेवलो हे आठवायला लावलेल्या लोकांनी नंतर समोर ठेवलेली बिस्किटं कमी खाल्ली. जेवणाची आठवण पक्की असली की चारच्या भुकेला लगाम बसतो. पडद्याकडे बघत जेवलेल्या माणसाची आठवणच कच्ची राहते. म्हणून चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जाऊ लागला, तर आधी आठवा: दुपारी ताटात काय काय होतं, कुठली चव चांगली लागली. तरीही भूक असली तर जरूर खा, पण वाटीत काढून, बसून.

घाईमागे नेहमी वेळेची टंचाईच नसते, कधी कधी भीती असते. भरल्या घरात वाढलेल्या अनेकांना लहानपणी हे अंगवळणी पडतं: लवकर संपवलं तर दुसऱ्यांदा मिळेल, उशीर केला तर पातेलं रिकामं. वसतिगृहात राहिलेल्यांना, फौजेतल्या माणसांना, पाळीवर काम करणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल. पुढे घरात सुबत्ता आली तरी हात जुन्याच वेगाने चालत राहतो. या संदर्भात तंजावरच्या छत्रांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांनी यात्रेकरूंसाठी ही अन्नछत्रं उभी केली होती. सरफोजी महाराजांनी १८०१ साली इंग्रज अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचं वर्णन आहे. कुठल्याही जातीच्या वाटसरूला, जोगी-बैराग्यांना तिथे शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेलं चालत नसे त्यांना शिधा. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर यावं. शेवटच्या माणसासाठीही भात राखलेला आहे ही खात्री त्या घंटेत होती. पापनाशमजवळ तिरुप्पालत्तुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार उभं आहे. खात्री निर्माण करायला आधी एवढी साठवण करावी लागते.

घरातही ही खात्री देता येते. वाढण्याआधीच सांगून टाका, भात भरपूर आहे, भाजी झाकून ठेवली आहे. आवडीचा पदार्थ थोडा असेल, तर प्रत्येकाचा वाटा वाटीत आधीच काढून ठेवा. श्रीखंडाच्या भांड्याकडे डोळे लावून कोणी सावकाश पोळी खाणार नाही. ज्या मुलांना भरभर खायची खोड आहे, त्यांच्या बाबतीत हे करून पाहा. रागावण्यापेक्षा ते लवकर लागू पडतं.

दुपारचा डबा हा कठीण प्रकार. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हात धुणं, जागा शोधणं, डबा गरम करणं यातच दहा मिनिटं जातात. तरी चवडीचा डबा असेल तर तो स्वतःच थांबे घालून देतो. सगळे कप्पे उघडून मांडू नका. आधी भाजी-पोळीचा कप्पा. तो संपला, झाकण लावलं, मग वरण-भाताचा. मधलं झाकण लावणं आणि उघडणं एवढाही थांबा पुरतो. संगणकासमोर मात्र बसू नका. जिन्यात, गच्चीवर, कुठेही चालेल. सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन घरभर फिरणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की बसा. पाच मिनिटं मिळाली तर पाचच, पण बसून.

पंगतीतला आग्रह हा वेगळाच विषय. सावकाश जेवणाऱ्याचं पान लवकर रिकामं होत नाही, त्यामुळे त्याला आग्रह कमी होतो, हा एक उघड फायदा. तरी जिलबी घेऊन यजमान समोर आले की सुटका कठीण. पापनाशमच्या बाजूला पानावर आडवा हात धरून ‘पोदुम’ म्हणतात, म्हणजे पुरे, आणि जेवण झाल्यावर पान वरून आपल्याकडे मिटतात. ते मिटलं की विषय संपतो. आपल्याकडे ‘आता थोड्या वेळाने घेतो’ हे उत्तर चालतं. त्यात नकार नाही आणि तो थोडा वेळ खराच घ्या. बाकी टप्प्याटप्प्याने वाढूनही लग्नाच्या हॉलमध्ये लोक भसाभसा जेवतात, तिकडेही आणि इकडेही, कारण खुर्चीच्या पाठीशी पुढच्या पंगतीचा माणूस उभा असतो. यजमानांना एकच विनंती: बसणाऱ्यांच्या मागे कोणाला उभं राहू देऊ नका, बाहेर खुर्च्या ठेवा.

काहींनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच यात बदल करावा. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण लांबवलं तर साखर उतरण्याचा धोका असतो. त्यांनी आधी पोळी-भात आणि वेळ यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावा. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांचं सावकाश जेवणं हा आजार असू शकतो. अचानक असं होऊ लागलं तर तपासून घ्यावं. कवळी असलेल्यांसाठी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करलेली बरी, तिथे चावण्याचा हट्ट नको. आणि फोन समोर धरून तासभर एकेक घास भरवलं जाणारं मूल सावकाश जेवत नसतं, ते जेवतच नसतं. त्याचं ताट पंचवीस-तीस मिनिटांनी उचलावं, रागावू नये, पुढच्या वेळेपर्यंत मधे काही देऊ नये.

आता सर्वांत कठीण भाग. तीन खेपांनी वाढायचं म्हटलं, की ते कोण वाढणार? पापनाशमच्या मेसमध्ये वाढपी पगारी असतो. आपल्या घरात तो बहुधा आई, बायको किंवा सून असते. सगळ्यांना गरम पोळी मिळावी म्हणून ती तव्याशी उभी राहते, प्रत्येकाच्या ताटाकडे लक्ष ठेवते, आणि सगळे उठल्यावर ओट्याशी उभ्याउभ्याच उरलेलं निवलेलं पोटात ढकलते. घरातलं सर्वांत घाईचं, सर्वांत कमी लक्ष देऊन केलेलं जेवण तिचं असतं. बाकीच्यांच्या थांब्यांसाठी तिच्या खेपा वाढणार असतील, तर वर सांगितलेलं काहीही करू नका. आधी पोळ्या करून डब्यात ठेवा. मऊ, कोमट पोळीने कोणाचं काही बिघडत नाही. पातेली टेबलावर किंवा पाटांच्या मधोमध मांडा. पहिली खेप एकाने सगळ्यांना वाढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी तिसऱ्याने. दहा वर्षांचं मूलही भात वाढू शकतं आणि त्याला ते आवडतं. ज्याने स्वयंपाक केला, तो पहिल्या खेपेला बसलेला असला पाहिजे, आणि पहिलं ताट त्याचं वाढायचं.